दुसरी प्रत दुसऱ्या गावात

धाराशिव, कळंब, उमरगा, परांडा, तालुक्याचे कुठलेही गाव घ्या. बसस्थानकाबाहेर चार पावले गेले की ओळीने दिसतात: आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्स-टायपिंगचे दुकान, कर सल्लागाराची खोली, फोटो स्टुडिओ, कृषी सेवा केंद्र, एखादी पतसंस्था. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या जागांमध्ये भिंतीला लागून वह्यांची कपाटे असत. आता टेबलाखाली एक सीपीयू असतो आणि शेकडो घरांचे हिशेब, दाखले, लग्नाचे फोटो, विम्याच्या पावत्या त्याच्या पोटात असतात. बहुतेक ठिकाणी या माहितीची दुसरी प्रत नसते. असलीच तर ती त्याच टेबलाच्या खणात, एका पेनड्राइव्हवर असते.

खणातल्या त्या पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. चोरी, आग, पूर, वीज, यातले काहीही आले तर टेबलावरचे आणि खणातले एकदमच जाते. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. सास्तूर-लोहारा पट्ट्यात माणसे गेली, घरे गेली आणि घरातले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परांड्याकडे नद्या पात्र सोडून गावात शिरल्या आणि अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी माणूस स्वतःला सांभाळेल, गुरे सांभाळेल की हार्ड डिस्क? म्हणून दुसरी प्रत आधीच दुसरीकडे असायला हवी. हा लेख मुख्यतः त्या प्रतीबद्दल आहे.

आधी एक साधी वही घ्या. तुमच्या संगणकात काय काय आहे ते तिच्यात लिहा. ‘सगळे’ असे लिहू नका, एकेक नाव लिहा: टॅलीचा डेटा, ग्राहकांच्या पावत्या, शाळेचे प्रवेश रजिस्टर, पत्रांचे नमुने, श्रीलिपीतल्या जुन्या फायली, मोबाइलमधले फोटो. प्रत्येकापुढे दोन उत्तरे लिहायची. हे बंद पडले तर किती वेळ चालेल? आणि मागचे किती दिवसांचे काम पुन्हा करावे लागले तर झेपेल?

उत्तरे धंद्याप्रमाणे बदलतात. पतसंस्थेला एका दिवसाच्या नोंदीही गमावून चालणार नाहीत, कारण खातेदाराने भरलेला पैसा पुन्हा आठवून लिहिता येत नाही. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट नोंदले जाते, आणि दहा दिवसांचे बिल निघायच्या आदल्या दिवशी डिस्क गेली तर गावभर वाद होतो. तिथे प्रत्येक पाळीनंतर प्रत हवी. लग्नपत्रिका छापणाऱ्याचे काम आठवड्याने मागे गेले तरी तो पुन्हा करील. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला मात्र दुसरी संधी नाही, ते लग्न पुन्हा लागणार नाही. त्याने कॅमेऱ्यातले कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरून दोन्हीकडचे फोटो उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करू नये, मग दुसऱ्या दिवशीची तारीख कितीही घाईची असो.

हंगामही ध्यानात घ्या. पीकविम्याचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रावर रात्रीपर्यंत रांग असते. पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राचे बिलिंग थांबले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. हीच वळवाच्या पावसाची, विजांची आणि तासन्‌तास लाइट जाण्याची वेळ असते. यंत्रावर भार सर्वांत जास्त आणि यंत्राला धोकाही सर्वांत जास्त, असे दोन्ही एकाच महिन्यात येते. त्यामुळे यूपीएसची बॅटरी बदलणे, नवी डिस्क घेणे, पूर्ण बॅकअप काढणे ही कामे मेमध्येच उरका.

आता विजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचे बरेच संगणक व्हायरसने नाही, विजेने मरतात. गावाकडे दाब कमी-जास्त होतो. लाइट जाते त्यापेक्षा ती परत येते तो क्षण जास्त वाईट, कारण त्या वेळी दाबाचा झटका बसतो. लाइट गेली की यूपीएस नसलेला संगणक अर्ध्या लिहिलेल्या फायलीसह बंद होतो आणि टॅलीसारख्या हिशेबाच्या फायली अशाच वेळी बिघडतात. यूपीएस सगळ्यांकडे असतो, पण त्यातली बॅटरी जिवंत आहे का हे कुणी पाहत नाही. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या दुकानात, ती दोन-तीन वर्षांत थकते. महिन्यातून एकदा सगळ्या फायली सेव्ह करा, यूपीएसची मुख्य पिन काढा आणि घड्याळ लावून बसा. संगणक नीट बंद करण्याइतकी मिनिटे मिळाली नाहीत तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर जोडू नका. त्यातला हीटर एकदम इतका भार ओढतो की यूपीएस बसतो आणि त्याच्याबरोबर संगणकही.

अर्थिंगकडे तर बघतच नाही कोणी. घर बांधताना खड्डा खणून मीठ-कोळसा घालून पट्टी पुरलेली असते, पुढे तिचे नाव कुणी काढत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो खड्डा वाळून खडखडीत होतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. फेब्रुवारीपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. वायरमन आला की मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या आणि मग नवा संगणक आणा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर तीही हीच तक्रार आहे.

आभाळात गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून काढा आणि इंटरनेटची तारही काढा. वीज पडल्यावरचा झटका विजेच्या तारेतून येतो तसा खांबावरून ओढलेल्या केबलमधूनही येतो. राउटर, मग नेटवर्कची वायर, मग मदरबोर्ड, असा त्याचा रस्ता असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोफत ॲप मोबाइलमध्ये ठेवा. जवळपास वीज पडण्याचा इशारा ते देते. शेतात गेलेल्या माणसांसाठी तर ते हवेच, दुकानदारालाही उपयोगी आहे. मात्र गडगडाट डोक्यावर आलेला असेल तर पिना काढायला धावू नका. यंत्र परत घेता येते.

डिस्कबद्दल थोडक्यात. फिरती हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा सूचना देते: टकटक आवाज, फाइल उघडायला नेहमीपेक्षा फार वेळ, संगणक मध्येच गोठणे. असे दिसले की त्याच दिवशी सर्वांत महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढा. दुरुस्तीची आज्ञा पुन्हापुन्हा चालवत बसू नका, मरत्या डिस्कला ती आणखी राबवते. एसएसडी वेगवान असते, धक्के सहन करते, पण तिचे जाणे बहुधा न सांगता असते. शिवाय एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती आतल्या आत स्वच्छ करून टाकते. पेनड्राइव्ह हे फाइल या दुकानातून त्या दुकानात नेण्याचे साधन आहे, वर्षानुवर्षे माहिती साठवण्याचे नाही. बाजारात आणि ऑनलाइन अतिशय स्वस्तात मिळणारे ‘२ टीबी’चे पेनड्राइव्ह तर सरळ फसवणूक असते. आत खरी जागा थोडीच असते, ती भरली की पुढच्या फायली नावाला दिसतात आणि उघडत नाहीत. घेतल्या दिवशी काठोकाठ भरून, सगळे उघडून बघा.

बॅकअपचा जगभर वापरला जाणारा ३-२-१ हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे तो असा बसवता येईल. पहिली प्रत कामाच्या संगणकावर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी रोज संध्याकाळी जोडायची, प्रत घ्यायची, काढायची आणि घरी न्यायची. तिसरी परगावी. धाराशिवच्या किती घरांतले कुणी ना कुणी पुण्यात नोकरीला असते! सणाला आलेल्या भावाच्या हाती पासवर्ड लावलेली एक डिस्क द्या, मागच्या वेळची परत घ्या. वर्षातून तीन-चार फेऱ्या सहज होतात. इंटरनेट बरे असेल तर रोजच्या महत्त्वाच्या फायली गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणी पाठवा. टॅलीचा एका वर्षाचा डेटा बहुतेक छोट्या दुकानांत इतका लहान असतो की गूगलच्या मोफत १५ जीबीत तो आरामात मावतो. फोटो-व्हिडिओवाल्यांना मात्र डिस्कशिवाय पर्याय नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘माझे सगळे ड्राइव्हवर सिंक होते, मला बॅकअपची गरज नाही,’ असे शिकलेली माणसेही म्हणतात. सिंक म्हणजे दोन ठिकाणी एकसारखी स्थिती ठेवणे. तुम्ही चुकून फोल्डर पुसले की ते तिकडेही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहते, नंतर जाते. मार्चमध्ये पुसलेली फाइल जूनमध्ये ऑडिटच्या वेळी आठवली तर हात चोळत बसावे लागते. म्हणून तारीख घातलेल्या वेगळ्या प्रती ठेवा: रोजची प्रत आठवडाभर, आठवड्याची महिनाभर, महिन्याची वर्षभर आणि ३१ मार्चची कायमची.

डिस्क रोज काढून का ठेवायची, सतत जोडलेली का नाही, याचे उत्तर एका मोठ्या घटनेत आहे आणि तिचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. त्याच समूहाचे एक टर्मिनल नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात होते. तिथले संगणक बंद पडले, कंटेनर अडकले, बाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. कंपनीला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. पण खरी अडचण वेगळीच होती. कोणता कर्मचारी कोण, कुणाला कुठे प्रवेश, हा साऱ्या जाळ्याचा नकाशा ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सिंक होत. एक गेला तर दुसऱ्यावरून घेऊ, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी जातील हे कुणी धरलेच नव्हते, आणि ते सगळे एकाच वेळी गेले.

एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती! सर्व्हर बंद होता, जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून विष त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. त्यावरची माहिती इंग्लंडला पाठवायची तर घानाचे इंटरनेट इतके संथ की कित्येक दिवस गेले असते. तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक कर्मचारी ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक अशी, हातातून नेलेल्या एका बंद डिस्कवरून उभी राहिली. आपल्याकडे लाइट जाते, नेट संथ असते, म्हणून आपण स्वतःला मागासलेले समजतो. पण जाळ्यापासून तोडलेली, कपाटात बंद ठेवलेली डिस्क ही आजही सर्वांत भक्कम सोय आहे आणि ती परांड्यातल्या दुकानदारालाही परवडते.

प्रत दुसऱ्या जागी का हवी याचा अगदी अलीकडचा पुरावा दक्षिण कोरियाचा आहे. तंत्रज्ञानात पुढारलेला देश. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची व्यवस्था त्यात जळाली आणि ८५८ टेराबाइट माहिती गेली. माहिती फार मोठी आहे, बाहेर प्रत ठेवणे जमत नाही, म्हणून तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. आपल्या किती दुकानांत इन्व्हर्टरची बॅटरी, संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच कोपऱ्यात, एकाच फळीवर असतात ते एकदा बघा. बॅटरी हवेशीर जागी वेगळी ठेवा, सीपीयू जमिनीपासून दोन-अडीच फूट वर घ्या. नदी-ओढ्याकाठच्या दुकानात तर पावसाळ्यात तो टेबलाखाली नकोच.

पाण्यात भिजलेला संगणक ‘चालू होतो का बघू’ म्हणून सुरू करू नका. बिघडण्याचे खरे काम तिथे होते. वीज तोडा, डिस्क काढून घ्या. ती उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, तांदळात पुरू नका, कुणाला स्क्रू खोलू देऊ नका. आहे तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून पुण्या-मुंबईतल्या माहिती परत काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. माहिती मिळाली नाही तर किती पैसे घेणार, हे आधी लेखी घ्या. हे काम महाग असते आणि यशाची हमी कुणी देऊ शकत नाही. त्या एका बिलात चांगल्या चार डिस्क आल्या असत्या.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग. बॅकअप घेतला, पण तो परत येतो का, हे कुणी तपासलेले नसते. गिटलॅब ही सॉफ्टवेअर क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि वेळेला त्यातली एकही धड चालली नाही. एकाने सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी सहज घेतलेली प्रत होती, तिच्यावरून कंपनी सावरली. जिथे जगातले प्रोग्रामर आपले काम ठेवतात तिथे हे झाले.

म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला अर्धा तास काढा. टॅलीप्राइम वापरत असाल तर ऑल्ट आणि वाय दाबल्यावर डेटाच्या यादीत बॅकअप आणि रिस्टोअर हे दोन्ही पर्याय दिसतात. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला, मुलाच्या लॅपटॉपला चालेल, जोडा आणि तिथे रिस्टोअर करा. त्याच संगणकावर करायचेच असेल तर वेगळे फोल्डर बनवून त्यात करा, चालू कंपनीच्या जागी कधीही नको, नाहीतर जुना डेटा ताज्यावर बसेल आणि मधले काम पुसले जाईल. रिस्टोअर झाल्यावर नुसते कंपनीचे नाव दिसले म्हणून समाधान मानू नका. तेरीज उघडा. कालची शेवटची एन्ट्री आहे का? रोख शिल्लक जुळते का? एका गिऱ्हाइकाचे खाते शेवटपर्यंत उघडते का? जुळले की वहीत तारीख टाकून सही करा. स्टुडिओवाल्याने मधलेच पाच-सहा फोटो आणि एक व्हिडिओ पूर्ण चालवून पाहावा, शाळेच्या लिपिकाने मधल्या एखाद्या वर्षाची यादी.

फसवणुकीचे मार्ग रोज बदलतात, पण आपल्याकडे येणारे दरवाजे तेच आहेत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा शेतकरी योजनेची यादी म्हणून येणारी एपीके फाइल उघडायची नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती बघायला ॲप बसवावे लागत नाही. ‘बँकेतून बोलतो’ म्हणून एनीडेस्क घ्यायला लावणाऱ्याचा फोन ठेवून द्या. क्रॅक केलेले विंडोज आणि टॅली फुकट पडत नाही, त्या क्रॅकबरोबर काय काय आत येते हे लावून देणाऱ्यालाही ठाऊक नसते. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तो संगणक चालत राहील, पण बँकेचे आणि गिऱ्हाइकांच्या आधारचे काम त्यावर करणे आता धोक्याचे आहे. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दहा हातांतले पेनड्राइव्ह लागतात. त्यांच्यासाठी एक जुना, वेगळा संगणक ठेवा, ज्यात तुमचा स्वतःचा कसलाही डेटा नाही. आणि रोज दुकान बंद करताना डाउनलोडचे फोल्डर रिकामे करा. लोकांनी आधार आणि बँक पासबुक विश्वासाने दिलेले असते. ते हरवू न देणे जितके महत्त्वाचे, तितकेच भलत्याच्या हाती न लागू देणे.

एखाद्या सकाळी सगळ्या फायलींची नावे बदललेली, उघडत नाहीत, आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर, असे झाले तर आधी नेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा. बॅकअपची डिस्क घाईघाईने जोडू नका, तीही जाईल. पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. लगेच फॉरमॅट मारू नका. कारण काही जातींच्या रॅन्समवेअरची किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर मोफत मिळते. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये ते सुरू केले. पैसे देऊ नका, दिल्यावर फायली परत मिळतीलच असे नाही. पैसे खात्यातून गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहा.

एक धोका असा आहे जो यंत्राचा नाही, माणसाचा आहे. संगणक बसवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर तुमचे मायक्रोसॉफ्ट खाते उघडलेले असते. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क बहुतेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. वर्षभराने अपडेटनंतर संगणक ती किल्ली मागतो, तोपर्यंत मुलगा पुण्याला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही. किल्ली नसेल तर ती डिस्क कुणालाही उघडता येत नाही, प्रयोगशाळेलाही नाही. आजच बघा, तुमच्या संगणकात कुणाचे खाते आहे. स्वतःचे करा, किल्ली कागदावर उतरवा. ईमेल, बँक, जीएसटी, टॅली या सगळ्यांचे पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर सही करून, घरच्या कपाटात ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ते कुठे आहे ते सांगा. धनी अचानक गेला आणि दुकान पासवर्डाअभावी अडले, ही वेळ कुणाच्या मुलाबाळांवर येऊ नये.

आणि शेवटी कागद. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्या आणि शाळांतली मोडी, उर्दू दप्तरे बाहेर निघाली. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीची ओळ वाचता आली, कारण ती चांगल्या शाईने टिकाऊ कागदावर लिहिलेली होती आणि कुणीतरी ती वाळवीपासून जपली होती. आज आपण वापरतो त्या डिस्कवर पाच वर्षांपलीकडे भरवसा ठेवता येत नाही. ज्या नोंदींवर उद्या एखाद्याचा हक्क ठरणार आहे, त्यांची कागदी प्रत हवीच. शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीचा नमुना ८, पतसंस्थेची वर्षअखेरची खातेनिहाय शिल्लक यांची दर एप्रिलमध्ये एक प्रत छापा, पानांवर क्रमांक आणि सही घ्या, बांधणी करा. छपाई लेझर प्रिंटरवर करा, साध्या इंकजेटची शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. दूध केंद्रावरची, एटीएमची किंवा वजनकाट्याची चकचकीत पावती उष्णतेने उमटलेली असते, ती काही महिन्यांत कोरी होते. अशी पावती जपायची असेल तर मिळाली त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढा आणि तिच्यासह फायलीला लावा. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालू नका, त्यात ती आणखी लवकर उडते.